टॅपेट कव्हर

इंजिन दिग्रसला राहिलं, शब्बीर मिस्त्रीकडे, बोअर करायला.
बाकीचं पोत्यात घरी आलं:
टॅपेट कव्हर, चेंबर, दोन पुल्या, पंख्याचं ब्रॅकेट
आणि एक काहीतरी वाकडं,
ज्याचं नाव रायभानलाही सांगता आलं नाही.
"मजुरीचे आठशे वाचतात," म्हणाला,
"रंग आपुनच मारू."
आपुन म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

दोन दिवस नुसतं घासणं.
डिझेल, मग निरमा, मग तारेचा ब्रश,
मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर.
आर्णी रोडची सगळी धूळ तेलात थिजून
बोटभर जाड बसलेली,
ती मी जुन्या उलथन्यानं खरवडली
आणि उलथनं चुलीकडे परत नेलं नाही.

हिरव्याखाली निळा निघाला.
निळ्याखाली गेरूसारखा लाल,
आणि त्या लालात रुतलेला एक केस, ब्रशचा.
म्हणजे याआधीही कोणीतरी
घरीच, हातानंच, संध्याकाळ व्हायच्या आत.
आरसी बुकात पहिलं नाव धारणीचं आहे.
"सुखलाल," रायभान म्हणाला,
सोयरा असल्यासारखा.
मी म्हटलं, थांबा जरा.
त्यानं पेपर फिरवला होता.

बोल्टच्या भोकांसाठी टेप आणायचा, तो विसरला.
मी परातीतली कणीक घेतली,
भोकागणिक एक गोळी, अंगठ्यानं दाबून.
फक्त झाकण बसतं ती कड कोरडी ठेवायची.
"तिथं रंग नाई पाह्यजे," म्हणाला,
"दोन लोखंडं भेटतात तिथं रंग असला
का तेल झिरपतेच, कितीही आवळा."
बारा वर्षांत माझ्याशी बोललेलं
हे त्याचं सगळ्यात लांब वाक्य असावं.

पहिला हात मारून कव्हर
कपडे वाळवायच्या तारेला टांगलं.
बाहेर सेहेचाळीस. तार चटके देत होती.
कुठून तरी सावरीची म्हातारी तरंगत आली
आणि ओल्या चांदीवर बसली.
तो पेपर आणायला उठला.
मी म्हटलं, राहू द्या.
उभाच राहिला थोडा वेळ, मग बसला.

लवकर वाळावी म्हणून एक पुली त्यानं
सरळ चुलीच्या जाळावर धरली.
पापडासारखे फोड आले.
तेव्हा माझ्याकडे पाहिलं.
डब्यावर आकडे होते, इंग्रजीत, किती गरम, किती वेळ.
माझ्याकडे गोवऱ्यांची आर होती,
रोडगे निघाल्यानंतरची, वर राख पांघरलेली,
हात धरून पाचपर्यंत मोजता येईल एवढी.
तिच्यावर पत्रा, पत्र्यावर विटा, विटांवर कव्हर,
वरून उलटं घमेलं.
कणकेच्या गोळ्या आत भाजून निघाल्या.
कोंबड्यांनीही त्यांना चोच लावली नाही.
रात्री समीक्षा म्हणाली,
"आई, वरण सिल्वर लागून राह्यलं."

उठावाच्या अक्षरांत तिनं नेलपॉलिश भरलं,
लाल संपलं म्हणून शेवटची दोन गुलाबी.
शब्बीरभाई हसले,
"वहिनी, इंजिनले कोन पाह्यते?
बोनट काय लग्नात उघडते का?"
उघडतं की.
घाटात गाडी तापली की पॅसेंजर खाली उतरतात,
रायभान पाणी ओततो,
आणि पाणी ओतून झाल्यावरही
बोनट लगेच पाडत नाही,
असं शेजारची मंदा सांगत होती. ती बसली होती परवा.

सगळं बसवून झालं. गाडी सुरू झाली, पहिल्याच सेल्फला.
ते वाकडं काहीतरी मात्र उरलं.
त्यालाही दोन हात मारले होते आम्ही,
त्याचीही भोकं बुजवली होती.
शब्बीरभाईंनी उलटसुलट करून पाहिलं,
म्हणाले, "हे या गाडीचं नाईच."

आता दुपारी वारा सुटला की
त्यानं मी मागचं दार अडकवते.
चांगलं जड आहे.